टेकलेल्या पायाची मीमांसा

सायकलविषयी जगात जेवढं शास्त्र झालं आहे, ते सगळं चालत्या सायकलीचं आहे. ती पडत का नाही, या एका प्रश्नावर विद्वानांनी शंभराहून अधिक वर्षं घालवली. १९७० साली डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने कोणाला चालवताच येऊ नये अशी सायकल बनवायचा घाट घातला. पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं आणखी एक चाक बसवून पाहिलं. सायकल निमूट चालली. पुढे २०११ मध्ये डच आणि अमेरिकी संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की ज्या दोन कारणांवर सगळे विसंबून होते ती दोन्ही काढून टाकली तरी सायकल आपली आपण तोल सांभाळू शकते. म्हणजे प्रश्न होता तिथेच. या सगळ्या धामधुमीत थांबलेली सायकल का पडत नाही, हे मात्र कोणी विचारलं नाही. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं ना: एक पाय टेकलेला असतो.

उत्तर ठाऊक झालं की विषय संपला, असं मानणाऱ्यांनी भंडारा जिल्ह्यात येऊन एक सकाळ काढावी. इथे पाय टेकला की विषय सुरू होतो.

प्रथम लक्षण. सायकलस्वाराने सीटवर बसल्याबसल्या, एक पाय पायडलवर राखून, बोलण्याच्या हेतूने दुसरा पाय भूमीला किंवा भूमीसदृश पदार्थाला लावणे, या स्थितीस ‘टेक’ म्हणावे. ‘भूमीसदृश’ हे पद कशासाठी? नालीची कड, घराचा ओटा, पानठेल्याची फळी, किलोमीटरचा दगड आणि वेळप्रसंगी समोरच्याच्या सायकलीचा टायर यांवर अव्याप्ती होऊ नये म्हणून. ‘बोलण्याच्या हेतूने’ कशासाठी? नाहीतर रेल्वे फाटकाशी थांबलेल्या माणसावर अतिव्याप्ती होईल. फाटकाशी थांबलेलाही शेजारच्याशी बोलायला लागतोच, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे. पण तिथे पाय आधी टेकतो आणि हेतू मागाहून उत्पन्न होतो. शास्त्राला हा क्रम चालत नाही. आणि ‘एक पाय पायडलवर राखून’ हे तर लक्षणाचं मर्म. तो वरचा पाय जगाला सांगत असतो, की मी थांबलेलो नाही, निघालेलोच आहे. खालचा पाय मग तासभर तिथेच असला तरी हरकत नाही.

इतिहासही आमच्याच बाजूने आहे. १८१७ साली जर्मनीत मानहाइमला कार्ल फॉन ड्राइसने आपलं दुचाकी यंत्र पहिल्यांदा पळवलं, तेव्हा त्याला पायडलच नव्हते. बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत जायचं. म्हणजे आद्य सायकल ही अखंड टेकच होती. १८६०च्या दशकात पॅरिसकडच्या मंडळींनी पुढच्या चाकाला पायडल लावून पाय जमिनीवरून उचलले, आणि त्यानंतर आली ती उंच चाकाची सायकल, जिच्यावरून पाय जमिनीला लागण्याचा एकच मार्ग उरला: पडणे. त्या काळात युरोपातल्या सायकलस्वारांनी एकमेकांशी काय गप्पा मारल्या असतील, याचा विचार करून जीव हळहळतो. शेवटी १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ काढली आणि तिला ‘सेफ्टी’ म्हणजे सुरक्षित सायकल म्हणू लागले. इतिहासकार तिच्या चेनचं कौतुक करतात. करोत. पाय पुन्हा जमिनीला पोचला, हा त्या यंत्राचा खरा पराक्रम. १८८८ मध्ये डनलॉपने रबरी नळीत हवा भरली आणि पंक्चर हे थांबण्याचं दुसरं सन्मान्य कारण जगाला मिळालं. पुढे मद्रासला १९४९ मध्ये टीआय, सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस आणि लुधियान्याला १९५६ मध्ये हिरो असे कारखाने निघाले, आणि काळी, दांडीची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली सायकल वैनगंगेच्या काठी येऊन पोचली. बाकीचं संशोधन इथे झालं.

भंडाऱ्याची भूमी या अभ्यासाला फार अनुकूल आहे. चढउतार बेताचे. धानाचा मुलूख, त्यामुळे वर्षातले काही महिने माणसाला श्वास घेण्याची फुरसत नसते आणि उरलेल्या महिन्यांत ती भरपूर असते. शिवाय भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, ते वरठीला आहे. शहरापासून ते इतकं दूर का, याची कारणं रेल्वेला विचारावीत. आमच्या शास्त्राला त्या अंतराने एक नियम दिला. वरठीकडे जाणारा सायकलस्वार टेकत नाही, वरठीहून येणारा टेकल्यावाचून राहत नाही. नागपूरच्या गाडीसाठी निघालेल्या माणसाला वाटेत सख्खा भाऊ भेटला तरी तो “गाडी आये जी!” असं ओरडून पायडल मारतो. तोच माणूस संध्याकाळी गाडीतून उतरून सायकल काढतो, तेव्हा त्याला वरठीच्या स्टील कारखान्याची पाळी सुटलेली भेटते. मग घरी पोचायला किती वेळ लागेल हे अंतरावर ठरत नाही, पायांच्या ताकदीवर तर मुळीच नाही. गांधी चौक ते त्रिमूर्ती चौक एवढ्याशा रस्त्यातही नवा बदलून आलेला कारकून सहज पुढे निघून जातो आणि तीस वर्षं इथेच शिकवलेले गुरुजी मागे राहतात. वेग ओळखींच्या व्यस्त प्रमाणात असतो.

आता पाय किती टेकावा, हा प्रश्न. हा बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण अख्खं नातेशास्त्र इथे तळपायात उतरलेलं असतं. रोजचा माणूस समोरून आला, तर मान हलते, पाय हलत नाही. “काय जी?” “काई नाई जी.” एवढ्यावर व्यवहार मिटतो आणि दोन्ही सायकली आपापल्या वाटेला लागतात. आठवड्याने भेटलेला असेल, तर ब्रेक लागतो आणि चपलेचा पुढचा भाग जमिनीला शिवतो. काकाजी असतील तर सगळा तळवा. ज्यांनी शाळेत मारलं ते गुरुजी असतील, तर टेक हा अपमान समजला जातो. खाली उतरून, हँडल दोन्ही हातांनी धरून, मान जराशी वाकवून उभं राहावं लागतं. नुसते शिकवणारे गुरुजी असतील तर टेकवर भागतं. आणि मामाजी, म्हणजे बायकोचे वडील दिसले, तर सायकलवरून उतरून स्टँड लावल्याशिवाय गती नाही. त्यातही साइड स्टँड चालत नाही. सायकल मागून उचलून, चाक अधांतरी करून लावायचा जो जुना लोखंडी स्टँड, त्याचा तो खडाक् आवाज सासऱ्याच्या कानी पडला पाहिजे. कललेली सायकल आणि सरळ जावई, हे दृश्य सासुरवाडीत बरं दिसत नाही.

सगळ्यांत अवघड प्रसंग दोन याह्यांचा. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप, दोघेही सायकलवर, पांदणीच्या अरुंद वाटेवर समोरासमोर आले, की मान देण्याची चढाओढ सुरू होते. एकाने पाय टेकला की दुसरा उतरतो. दुसरा उतरला की पहिल्याला उतरणं भाग. मग दोघेही खाली, दोघांच्याही सायकली हातात, पोरीची खुशाली, पोराची नोकरी, म्हशीचं दूध, सगळं बोलून होतं, आणि पेच पडतो. आधी सायकलवर बसायचं कोणी? याह्याला उभा ठेवून आपण बसून निघून जाणं शोभत नाही. “बसा जी.” “नाई जी, तुमीच बसा.” असं पुष्कळ वेळ चालल्यावर एक जण “चाला, तुमाले मोडापर्यंत सोडून देतो” म्हणतो, आणि दोघे सायकली हातात धरून, ज्या दिशेला एकालाही जायचं नव्हतं त्या दिशेला चालू लागतात. अशा वेळी सायकल ही वाहन राहत नाही. ती दोघांच्या मधली तिसरी, समजूतदार पाहुणी होते.

कालमापनाचा विषय निघाला म्हणून पानठेल्याकडे वळावं लागेल. टेक किती वेळाची, हे घड्याळावर मोजण्याची पद्धत इथे रूढ नाही. इथलं एकक खर्रा आहे. ठेलेवाला सुपारीचा कातरा घेतो, त्यात तंबाखू, चुना घालतो, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळतो आणि तळहाताखाली घोटायला लागतो. खर्र्यावर सरकारची बंदी आहे, आमचीही शिफारस नाही, उल्लेख मोजमापापुरता. एक खर्रा घोटून होईपर्यंत गावातली एक जमीन विकली जाते, एक सोयरीक जुळते आणि एका नेत्याचं तिकीट कापलं जातं. ठेलेवाला गप्पा रंगल्या तर मुद्दाम हळू घोटतो, असा आमचा संशय आहे. सायकलस्वार या सबंध काळात सीटवरच असतो. पैसे सीटवरूनच देतो. पुडी सीटवरूनच खिशात घालतो. त्याला बसायला ठेल्यापुढे बाकडं ठेवलेलं असतं, पण त्यावर बसला तर तो ‘रिकामा’ ठरतो. सायकलवर असेपर्यंत तो कामावर निघालेला आहे.

या टेकण्यापायी ठेल्यासमोरच्या नालीच्या सिमेंटची कड एका जागी गुळगुळीत झालेली असते. वर चपलांच्या रबराची काळसर झाक. अशी जागा जिल्ह्यातल्या कुठल्याही चौकात दाखवता येईल. महानुभावांनी चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले त्या जागांची नोंद ‘स्थानपोथी’त करून ठेवली, आणि स्वामींच्या मागे घरदार सोडून गेलेले नीळभट तर याच भंडाऱ्याचे. त्या थोर पावलांशी बरोबरी करण्याची आमची छाती नाही. पण नोंद ठेवण्याचा एवढा मोठा धडा घरात असताना आमच्या टेकस्थानांची साधी यादी कोणत्याही कार्यालयात नसावी, ही उदासीनता खटकते. दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावर सिमेंटचा नवा थर चढतो. रस्ता वर, ओटा खाली. काल ज्या ओट्यावर पाय आरामात टेकायचा, तो आज रस्त्याच्याही खाली गेलेला असतो आणि चांगला अनुभवी माणूस पाय लांबवून हवेत चाचपडतो. रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक करताना सायकलस्वाराच्या ढोपराची उंची कोणी विचारात घेत नाही.

पाय डावाच का, यावर मतभेद नाहीत, पण कारणांवर आहेत. एक पक्ष म्हणतो, आपण डावीकडून जातो, कड डावीकडे, म्हणून पाय डावा. दुसरा पक्ष म्हणतो, चेन उजवीकडे असते. सायकल उजवीकडे कलली तर पायजम्याची मोहरी चेनच्या तेलात. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत, कारण पहिला पक्ष मान्य केला तर उजव्या हाताच्या ठेल्याचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. तिथे माणूस सरळ रस्ता ओलांडून उलट्या बाजूला जातो, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या शिव्या खातो, सायकल तोंड वळवून उभी करतो आणि डावाच पाय टेकतो. वाहतुकीचा नियम मोडला तरी चालेल, मोहरी स्वच्छ राहिली पाहिजे.

शास्त्राला अपवाद हवेत, आणि ते भरलेल्या कॅरिअरवर सापडतात. जिल्ह्यात तलाव रग्गड. माजी मालगुजारी तलावांना सरकारी कागदसुद्धा प्रेमाने ‘मामा तलाव’ म्हणतो. या तलावांतून मासळी आणि शिंगाडे निघतात आणि सायकलवरूनच गावोगाव जातात. ढिवर बांधवाच्या मागच्या कॅरिअरवर मासळीचा जर्मनचा डबा असतो. सायकल कलली की पाणी हलतं, पाणी हललं की डबा हलतो, आणि मग पायाने सावरेपर्यंत रस्त्यावर मासळी. तांदळाचा कट्टा आडवा टाकलेल्या सायकलीचंही तेच. दोन बाजूंना दुधाचे डबे अडकवलेल्याचंही तेच. हे लोक टेकत नाहीत. मग समाजाने त्यांना वाळीत टाकावं? तसं होत नाही. ज्याला बोलायचं असतं तो आपली सायकल बाजूला लावतो आणि भरल्या सायकलीबरोबर चालत जातो, बोलून झालं की परत येऊन आपली सायकल घेतो. वजन ज्याच्याकडे, त्याच्याकडे दुसऱ्याने जावं. याहून न्याय्य कायदा आम्हांला कुठल्या संहितेत आढळला नाही. रोवणीच्या दिवसांत पांदणीवर मात्र कोणालाच टेकता येत नाही. पाय टेकला तर वर येताना चप्पल खालीच राहते, आणि त्या चिखलात हात घालण्यापेक्षा बोलायचं राहू द्यावं असं दोघांनाही वाटतं.

मुलींचा अभ्यास स्वतंत्र करावा लागतो. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळू लागल्या, आणि सकाळच्या रस्त्यांचा नूर पालटला. या सायकलीला आडवी दांडी नसते, त्यामुळे दोन्ही पाय एकाच वेळी टेकवता येतात. जुन्या मीमांसकांना हे पसंत नाही. आम्ही मात्र एक प्रकार पाहून ठेवला आहे, तो पाहिल्यावर मत बदलावं लागतं. पाच-सहा जणींपैकी एकीची चेन उतरते. लगेच सगळ्या थांबतात. आडव्या, अर्धा रस्ता अडवून. एकही पुढे जात नाही, प्रार्थनेची घंटा झाली तरी नाही. जिची चेन उतरली ती खाली बसते, चेनचा खालचा भाग बोटाने मागच्या दात्यांवर चढवते, दुसरी तिची सायकल मागून उचलून धरते, तिसरी पायडल हाताने फिरवते. कट्कट् करत चेन जागेवर येते. मग काळी झालेली बोटं कशाला पुसायची? गणवेशाला नाही, रुमालाला नाही. नालीच्या कडेला बेशरमाचं झुडूप असतंच. त्याची दोन पानं तोडून बोटं चोळायची, पानं फेकायची आणि निघायचं. उशीर झाल्याबद्दल बाई रागावतात तेव्हा सहाही जणी एकच कारण सांगतात: चेन उतरली. कोणाची, हे बाई विचारत नाहीत.

अलीकडे एक नवा पंथ उदयाला आला आहे. सकाळी उजाडता उजाडता नागपूरच्या बाजूने महामार्गावरून हेल्मेट, काळा चष्मा आणि तंग कपडे घातलेले स्वार येतात. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे नावाच्या फेऱ्यांची ते तयारी करतात. त्यांत दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. आम्हांला या मंडळींबद्दल आदर आहे. पण त्यांच्या शास्त्रात सीट उंच ठेवतात, पायडल खाली गेला की गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे म्हणून. म्हणजे सीटवर बसून पाय जमिनीला पुरतच नाही. त्यातून बुटाच्या तळाला क्लीट असते, ती पायडलमध्ये खट्कन अडकते. टाच बाहेर वळवल्याशिवाय पाय सुटत नाही. असा एक स्वार चहाच्या ठेल्यापुढे थांबला, थांबला आणि अत्यंत सावकाश, सायकलीसकट, डाव्या बाजूला आडवा झाला. बाकड्यावरचे चौघे उठले, त्याला उभं केलं, चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. भंडाऱ्याच्या शास्त्रानुसार सीट अशी बसवावी की पूर्ण तळवा जमिनीला लागेल. गुडघे दुखले तर दुखोत. इथला सायकल दुकानदार नवीन सायकल हाती देताना गिऱ्हाइकाला सीटवर बसवतो आणि विचारतो, “पाय टेकते ना जी?” पायडल मारायला सोपं जातं का, हे त्याने विचारलेलं आम्ही ऐकलं नाही.

मोटरसायकल या लक्षणात बसते का? नाही. तिच्यावर दोन्ही पाय टेकतात, आणि इंजिन चालू असतं. चालू इंजिनावर माणूस फक्त मुद्द्याचं बोलतो, कारण पेट्रोल जळतंय. इंजिन बंद केलं तर तो थांबला, म्हणजे रिकामा ठरला. विजेच्या स्कुटरला आवाज नाही, म्हणून काही विद्वान तिच्याकडे आशेने पाहतात. आमचं मत राखून ठेवलेलं आहे.

सगळ्यांत शेवटी प्रस्थान. टेक मोडायची कशी, ही या विद्येची अखेरची परीक्षा. नवखा माणूस पाय उचलतो आणि जातो. त्याला लोक उद्धट म्हणतात. जाणता आधी “येतो मंग” म्हणतो. मग उजव्या पायाने पायडल उलटा फिरवतो. फ्रीव्हीलचा कर्र आवाज होतो आणि पायडल पुन्हा जोर लावायच्या जागेवर, वर येऊन उभा राहतो. हा आवाज म्हणजे निघण्याची नोटीस, पण ती बंधनकारक नाही. पायडल वर आल्यावरच खऱ्या गोष्टी निघतात. इतका वेळ पाऊस, पोरं, क्रिकेट चाललेलं असतं. ज्या कारणाने त्याला हाक मारली ते कारण आत्ता आठवतं. “बरं, ऐका ना जी.” पाय पुन्हा टेकतो. “बोनस आला का तुमच्या खात्यात?” धान खरेदी केंद्रावर नोंदणी दोघांनीही केलेली असते. “नाई जी. तुमचा?” “नाई. तलाठी काय म्हनते?” मग तलाठी काय म्हणतो, हे सांगण्यासाठी एक खर्रा पुरत नाही. ठेलेवाला न सांगताच दुसरी पन्नी काढतो.